सौजन्याचा दोर

५ जून

ती. मामांस,

नमस्कार. फोनवर शुद्धलेखन दिसत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून पत्र लिहिते आहे. मागच्या पत्रासारखं हेही लाल शाईनं तपासून परत येणार हे धरून दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडली आहे.

मला नोकरी लागली. लिफ्टची सुरक्षा तपासणाऱ्या कार्यालयात. आमचे तपासनीस गावोगाव जाऊन लिफ्ट बघतात आणि चिठ्ठी लिहून आणतात. त्या चिठ्ठीचं इंग्रजी पत्र करायचं, हे माझं काम. मराठीत का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर हेडक्लार्क म्हणाले, "मराठीत लिहिलं की लोकांना समजतं, मग ते भांडायला येतात." इमारत कुठली, गाव कुठलं, हे माझ्यापर्यंत येत नाही. माझ्याकडे नुसता क्रमांक येतो, पत्ता नंतर पाठवणीचे लोक टाकतात.

तपासनीस तार केल्यासारखं लिहितात. "दाराची कडी सैल. बसवा." मी इंग्रजीत मस्ट वापरलं, म्हणजे कडी बसवलीच पाहिजे. साहेबांनी त्याभोवती गोल काढून कागद परत पाठवला आणि वर लिहिलं, "मोडल बघा." मी आधी काय मोडलंय ते बघायला निघाले होते. मग कळलं की मस्ट, शुड, मे, कॅन या मंडळींना मोडल म्हणतात. शाळेत तुम्हीच शिकवलं असणार, पण तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असणार.

नोकरी अजून कच्ची आहे. सहा महिन्यांत इंग्रजी सुधारलं नाही तर घरचा रस्ता. कुठे काय वापरायचं ते एकदा नीट सांगा. मामीचा गुडघा कसा आहे?

तुमची भाची,
ठमी


११ जून

चि. ठमे,

तुझं पत्र तपासून सोबत पाठवत आहे. नऊ चुका. मागच्यापेक्षा प्रगती आहे, पण अभिमान वाटावा अशी नाही.

मोडल क्रियापदं पाठ करायची नसतात, ओळखायची असतात. घरातच बघ. मस्ट म्हणजे तुझी मामी. ती "दूध आणा" म्हणाली की त्यात चर्चेला जागा नसते. शुड म्हणजे तुझी आई. "दादा, रोज चालायला जायला हवंस," असं ती वर्षानुवर्षं म्हणते, मी हो म्हणतो आणि विषय संपतो. कॅन म्हणजे तुझा धाकटा काका. सगळं करू शकतो, करत काहीच नाही. माइट म्हणजे आमचा शिंपी, कपडे उद्या मिळतीलही. मे म्हणजे परवानगी, ती मी देतो. आणि वुड, कुड ही चांगल्या घरातली माणसं. ती आवाज चढवत नाहीत.

आता मुद्द्याचं. मस्ट हा शब्द सुसंस्कृत माणसानं स्वतःला लावावा, दुसऱ्याला लावू नये. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंस तर साहेब तुझ्या पत्राला गोल काढणार नाहीत. शब्द जितका मऊ, तितका लिहिणारा मोठा. माझी सगळी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली, पण एकाही विद्यार्थ्याला मी मस्ट म्हटलेलं नाही. छडी दाखवायचो, ते वेगळं.

मामीचा गुडघा तसाच आहे. जिना तिला जमत नाही. पाचवा मजला असला तरी लिफ्ट असल्यामुळे दिवसातून दोनतीनदा खाली जाऊन येते. लिफ्ट हल्ली कण्हते थोडी, पण या वयात कोण कण्हत नाही? इमारतीच्या समितीचा अध्यक्ष मीच असल्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच येतात. मी त्या तपासून परत देतो.

तुझा,
मामा


२७ जून

ती. मामांस,

तुमचा उपाय लागू पडला. मी मस्ट हद्दपार केलं आणि साहेबांनी मान हलवली. आमच्याकडे मान हलवणं म्हणजे पेढे वाटण्यासारखं आहे.

पण इथली एक गंमत सांगते. पत्र माझ्याकडून हेडक्लार्ककडे, तिथून उपसाहेबांकडे, मग साहेबांकडे जातं. प्रत्येकाला त्यात काहीतरी बदलावंच लागतं. एखाद्या टेबलावरून कागद जसाच्या तसा पुढे गेला, तर ते टेबल हवंच कशाला, असा प्रश्न वरून येतो. आणि बदल नेहमी एकाच दिशेनं होतो. कडक लिहिलं आणि उद्या काही निघालं नाही, तर ओरडा बसतो. मऊ लिहिल्याबद्दल आजवर कुणाला ओरडा बसलेला नाही.

परवाच तपासनीस एक चिठ्ठी घेऊन आले. लिफ्टच्या टपावर चढून त्यांनी दोर बघितला होता, तारा तुटून बाहेर आल्या होत्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, "दोर गेला. लिफ्ट आजच बंद करा." तुमचं वाक्य आठवून मी मस्ट टाळून शुड घातलं. हेडक्लार्क म्हणाले, शुडला उपदेशाचा वास येतो. त्यांनी "बंद केल्यास बरे" केलं. उपसाहेबांनी "आजच" काढून "सवडीनुसार" घातलं. साहेबांनी "बंद" हा शब्दच अशुभ ठरवला. शेवटी पत्र गेलं ते असं: समितीची इच्छा असल्यास, सवडीनुसार, दोराकडे पाहण्याच्या शक्यतेचा विचार करता येऊ शकेल. इंग्रजीत ते याहून गोड वाटतं.

तपासनीसांनी वाचलं आणि म्हणाले, "मी बघितला तेव्हा हा दोर तुटत होता. तुमच्याकडे चार टेबलं फिरून बरा झालेला दिसतो." मी हसले खरी. पण घरी आल्यावर तुम्हाला हे लिहायला बसले.

तुमची,
ठमी


९ जुलै

चि. ठमे,

सहा चुका. शाब्बास.

तुला एक आनंदाची बातमी देतो. तुमच्याच खात्याचं एक पत्र आमच्या समितीला आलं. तू कळवला होतास तोच मजकूर, सगळ्यांना हाच जात असावा. भाषा वाचून ऊर भरून आला. "समितीची इच्छा असल्यास, सवडीनुसार, दोराकडे पाहण्याच्या शक्यतेचा विचार करता येऊ शकेल." एका वाक्यात तीन मोडल, आणि एकही दुसऱ्याच्या पायावर पाय देत नाही. सरकारी कागदावर असं इंग्रजी मी प्रथमच पाहिलं.

तळमजल्यावरचा औषधवाला सभेत उठून म्हणाला, "लिफ्ट बंद करू आणि दोर बदलू, उगाच जिवाशी खेळ नको." अडाणी माणूस. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना पाऊण तास ते वाक्य समजावून दिलं. म्हटलं, यात आज्ञा कुठे आहे? सूचनाही नाही. ही नुसती शक्यता आहे, तीही इच्छा असल्यास. खरोखर धोका असता तर सरकारनं मस्ट वापरलं नसतं का? औषधवाला खाली बसला. समितीनं माझे आभार मानले आणि दोराऐवजी लिफ्टमध्ये नवा आरसा बसवायचं ठरलं.

आरशाशेजारी मी ते पत्र चौकटीत घालून लावलं आहे. येता-जाता मुलांच्या कानावर, म्हणजे डोळ्यावर, चांगलं इंग्रजी पडेल. तुझी मामी रोज वर-खाली करताना वाचते. म्हणते, लग्नाच्या आमंत्रणासारखं आहे, फक्त जेवायला कधी यायचं ते लिहिलेलं नाही.

तुझा,
मामा


१२ जुलै

मामा,

तो तुमचाच दोर आहे. लिफ्ट बंद करा.

आज सकाळी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "घाबरलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं नीट येत नाहीत, लिहून पाठव." आणि ठेवलात. मामीला लावला, तर तोही तुमच्याच खिशात वाजला. तुम्ही म्हणालात, ती कामात आहे. म्हणून हे पत्र आजच्या आज पोचेल अशा माणसाच्या हाती देते आहे.

मागच्या पत्रात ज्या दोराबद्दल लिहिलं होतं, तोच हा. तेच वाक्य. तपासनीसांनी "आजच बंद" लिहिलं होतं. त्याची धार पहिल्यांदा मी बोथट केली, तुम्ही शिकवलंत तशी. उरलेलं काम बाकीच्यांनी केलं. सरकारनं मस्ट का वापरलं नाही, याचं उत्तर तुमच्या ११ जूनच्या पत्रात आहे, काय लिहिलं होतंत ते आठवा.

मामीला लिफ्टमध्ये पाऊल ठेवू देऊ नका. या पत्रात किती चुका आहेत ते मोजायच्या आधी खाली जा आणि वीज तोडा.

ठमी


१४ जुलै

चि. ठमे,

पत्र मिळालं. एकही चूक नाही, पण सूर उद्धट आहे.

तुझी काळजी समजते. पण मी अध्यक्ष आहे. भरसभेत पाऊण तास जे समजावलं, ते आठवड्यात मागे घ्यायचं तर "मी चुकलो" म्हणावं लागेल, आणि औषधवाला ते ऐकायला टपून बसला आहे. इमारतीत माझ्या शब्दाला काही किंमत आहे. यावर एक मार्ग सुचतो. तुमच्या कार्यालयानं मस्ट वापरून नवं पत्र धाडावं. म्हणजे मी म्हणेन, भाषा बदलली, म्हणून निर्णय बदलला. यात कुणाचंच काही जात नाही.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. उगाच धास्ती घेईल आणि गुडघा घेऊन घरात बसून राहील. मी स्वतः हल्ली जिनाच वापरतो. तुझी आई म्हणते ते खरं आहे, चालणं प्रकृतीला बरं.

तुझा,
मामा


१६ जुलै

मामा,

नवं पत्र लिहिलं. या वेळी टेबलांचा हिशेब आधीच धरला. चार ठिकाणी पातळ होणार, म्हणून सुरुवातच दाट केली. लिहिलं, ही लिफ्ट चालू राहिली तर माणसं मरतील. साहेबांकडून बाहेर पडलं तेव्हा त्याचं झालं होतं, "रहिवाशांना काहीशी गैरसोय जाणवू शकते." तेच पत्र तुमच्याकडे येईल. चौकटीत लावायला आणखी एक.

तुम्ही हल्ली जिनाच वापरता, हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. मामी लिफ्टनं जाते आणि तुम्ही जिन्यानं. तुमचं ते पत्र मी तपासून परत पाठवत नाही, जपून ठेवते.

तपासनीसांना सगळं सांगितलं. लिफ्ट बंद करायचा अधिकार साहेबांचा आहे, त्यांचा नाही. ते म्हणाले, "अधिकार नाही, पण पाना आहे." उद्याच्या पहिल्या गाडीनं ते तुमच्याकडे निघताहेत.

ठमी


१९ जुलै

अहो,

मी ठमीकडे सुखरूप पोचले. तुम्ही बाहेर होतात, मी आत होते. आतलं तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तिसऱ्या मजल्याच्या वर गेल्यावर लिफ्टला असा हिसका बसला की मी खालीच बसले. मग ती वीतभर घसरली आणि थांबली. दिवा गेला नव्हता. समोर तुमची ती चौकट. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. इंग्रजी मलाही येतं, पण दोर माझ्या डोक्यावर तुटायला आला आहे, हे त्यात कुठेच सापडलं नाही. बाजूच्या आरशात मात्र माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. आरसा चांगला निवडलात.

दाराच्या खालच्या फटीतून मला जिना दिसत होता. आणि जिन्यावर तुमच्या चपला. जिना चढता चढता थांबलेल्या. मी ओरडण्याच्या आधीच त्या थांबल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं. तुम्ही रोज माझ्याबरोबर लिफ्टनं यायचात. गेले काही दिवस म्हणत होतात, "तू हो पुढे, मी आलो." मला वाटलं, उतारवयात माझं इतकं कौतुक, आधी मला पाठवतात. फटीतून चपला बघितल्या आणि कौतुकाचा अर्थ कळला.

तुम्ही बाहेरून म्हणत होतात, "कुणी जरा दार उघडण्याची तसदी घेऊ शकेल का?" औषधवाला वीज तोडायला खाली पळाला होता. तेवढ्यात ठमीचा तो तपासनीस आला. त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. पाना लावला, दार उघडलं आणि म्हणाला, "हात द्या, बाई." तीन शब्द, पण मी बाहेर आले.

लिफ्टमधून निघताना चौकट काढून घेतली होती. कागदाच्या कोऱ्या बाजूला तुमच्याच खिशातल्या लाल पेनानं "लिफ्ट बंद" लिहिलं आणि दारावर टांगलं. मग तीन मजले एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. वर आले नाही, कारण वर तुम्ही होतात.

पेन माझ्याकडेच आहे.


२६ जुलै

प्रिय अर्धांगिनीस,

तुझ्या पत्राने मन व्यथित झाले. झाल्या प्रकारात सर्वच संबंधितांकडून काही अंशी अनवधान घडले असण्याची शक्यता नाकारता येणार नाही. घराकडे परत येण्याबाबत, तुझी इच्छा असल्यास, सवडीनुसार विचार करण्यास हरकत नसावी. घर आपलेच आहे. दूध उतू जाते.

तुझा


२९ जुलै

मामा,

तुमचं पत्र मामीच्या टेबलावरून परत आलं, सोबत पाठवते आहे. "सर्वच संबंधितांकडून" याभोवती तिनं लाल गोल काढला आहे. "शक्यता"भोवती दोन. खाली शेरा दिला आहे, "पुन्हा लिहा. कोणी काय केलं, ते लिहा." फक्त "दूध उतू जाते" याच्यापुढे बरोबरची खूण आहे.

ठमी


८ ऑगस्ट

तुला,

हे पाचव्यांदा लिहितो आहे. आधीची चारही फाडली, फार चांगली झाली होती.

दोर झिजला आहे हे ठमीच्या पत्रावरून मला कळलं होतं. मी घाबरलो आणि जिना धरला. तुला लिफ्टनं जाऊ दिलं. सभेपुढे चुकलो म्हणायची लाज वाटत होती, आणि ती लाज मला तुझ्यापेक्षा मोठी वाटली. तू आत होतीस तेव्हा माझे पाय हलेनात, तेही तू बघितलंस.

काल सभा बोलावली. म्हटलं, मी चुकलो. औषधवाला हसला नाही, त्यानं खुर्ची पुढे केली. अध्यक्ष आता तो आहे. दोर गेल्या आठवड्यातच बदलला. तपासनीसांनी टपावर चढून बघितला, मीही त्यांच्यामागे चढलो.

घर तुझ्याशिवाय खायला उठतं. परत ये.


१६ ऑगस्ट

चि. ठमे,

तुझ्या मामीचं उत्तर आलं. सबंध कागदावर एकच शब्द आहे. "बघू."

चार दिवस मी तो शब्द घेऊन बसलो आहे. कधी वाटतं येणार, कधी वाटतं हा निरोपच आहे. सगळा जन्म लोकांना असल्या शब्दांचे अर्थ सांगण्यात गेला आणि आता एक मला लागत नाही. तू तिच्याजवळ आहेस. लिहिताना तिचा चेहरा कसा होता? या "बघू"चा अर्थ काय, तो मला नीट समजावून सांग. या पत्रात चुका असतील, पुन्हा वाचून पाहिलेलं नाही.

तुझा,
मामा


१९ ऑगस्ट

ती. मामांस,

चुका मोजल्या नाहीत.

मामीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "दोर त्यांनी स्वतः बघितला म्हणतात?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग त्या लिफ्टमध्ये आधी त्यांना महिनाभर वर-खाली करू दे. एकट्यांना."

अर्थ एवढाच आहे, मामा. आज १९ तारीख. सुरुवात करा.

तुमची भाची,
ठमी